डावा पीळ

१

दुपारी बाराला मोठे दिवे बंद झाले की त्या हॉलमध्ये संपतचं राज्य सुरू व्हायचं. राज्य म्हणजे तरी काय, एक प्लॅस्टिकची खुर्ची, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि डॉक्टरनं दिलेला निळा रबरी चेंडू. बाकीची सगळी माणसं बसनं मेसला जायची ती तीनला परत यायची. तोवर संपतनं दाराला आतून कडी घालायची, जेवायचं, चेंडू शंभर वेळा दाबायचा आणि सामानावर लक्ष ठेवायचं. ऑगस्टातल्या लुसैलमध्ये भर दुपारी चोरसुद्धा घराबाहेर पडत नाही, पण कंपनीनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

तसा संपत राखणदार नव्हे, सुतार. परांड्याकडचा माणूस, अकरा वर्षं कतारमध्ये. लोकांच्या व्हिलांमधली दारं, कपाटं, जिन्याचे कठडे असलं नाजूक काम त्याच्याकडे यायचं आणि तो ते असं करायचा की मालक दोनदा हात फिरवून बघायचा. जूनमध्ये पायाखालची फळी सरकली. पडता पडता उजव्या हाताला जे सापडलं ते त्यानं धरलं, आणि ती निघाली पत्र्याची धार. मनगट शिवलं, जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेली ती मेलीच. टाचणी टोचा, गरम चहाचा ग्लास लावा, काही नाही. शीर जोडलीय, हळूहळू जान येईल, इन्शाल्ला, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे कधी, हे मात्र कुणी सांगेना. कंपनीनं तोवर बसून करायचं काम दिलं आणि तपासणीची तारीख दिली, सत्तावीस ऑगस्ट. त्या दिवशी बोटांत जान नसली तर कागदावर ‘अनफिट’ आणि परतीचं तिकीट.

आता घरी जायला कुणाला आवडत नाही? पण सुताराचा अंगठाच गेला तर तो घरी जाऊन करणार काय? सेहेचाळीसाव्या वर्षी ओट्यावर बसून दुसऱ्यांची कामं बघायची आणि ‘अहो, जरा एवढं शर्टाचं बटण लावा’ म्हणायचं, ह्या विचारानं तो चेंडू शंभराऐवजी दीडशे वेळा दाबायचा. घरी त्यानं अजून अवाक्षर सांगितलं नव्हतं. बायकोला नाही आणि आईला तर नाहीच.

हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं होतं, जगभरच्या खेड्यांतल्या जुन्या कारागिरीचं. प्रत्येक देशाला एक कोपरा. शेवटचा कोपरा आयर्लंडचा. हे आयर्लंड नकाशावर कुठं येतं ते संपतला धड ठाऊक नव्हतं, पण कोपरा त्याच्या मनात भरला होता. तीन भिंतींचं बुटकं पांढरं घर, चौथी बाजू बघणाऱ्यांसाठी मोकळी, चुलीत लाल बल्ब. भोवती लोहाराचा भाता, पिंप करणाऱ्याच्या अर्धवट जुळवलेल्या फळ्या, वेताच्या टोपल्या. भाता तोच, ऐरण तीच. फक्त लोहाराचा फोटो गोऱ्या माणसाचा. कुठंही जा, लोहार लोहारासारखाच उभा राहतो, असं संपतला वाटलं आणि बरंही वाटलं.

२

त्या घरात चार बुटक्या खुर्च्या होत्या. लाकडाचा सांगाडा आणि बैठक काडाच्या दोरानं विणलेली. काड म्हणजे आपलं गव्हाचं असतं तसलंच, वाळलेलं, सोनेरी. तिन्हींची बैठक पुरी होती. चौथीची अर्धीच होती, आणि उरलेला दोर खुर्चीवरून खाली लोंबत होता. शेजारी काडाच्या चार पेंढ्या आणि एक ठेंगणं स्टूल.

दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नसतं, संपतचं गेलं. त्याचा बाप दोर वळणारा. कासरा, दावं, विहिरीचा नाडा, काय मागाल ते. त्याचा दोर तुटला असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. पुढं नायलॉन आलं, धंदा बसला, म्हणून तर पोरगं सुतारकीत गेलं. पण रक्तातलं कुठं जातंय? पहिल्याच दुपारी त्यानं बघून ठेवलं होतं की दोराचं टोक जेमतेम जमिनीला टेकलंय.

चार दिवसांनी बघितलं तर टोक जमिनीवर चांगलं तीन-चार हात लांब पसरलेलं.

काड एसीच्या थंडीनं सैल पडलं असेल, संपतनं स्वतःची समजूत काढली. पण ती त्यालाच पटेना. सैल पडलेला दोर फुगतो, लांबत नाही. आणि पुढचं काड वेगळं दिसत होतं, ताजं, चकचकीत. पेंढ्यासुद्धा कमी झालेल्या. म्हणजे कुणीतरी वळतंय. मग वळेना का बापडं, आपल्याला काय करायचंय? पण कोण, आणि कधी?

त्यानं सुपरवायझर अरुणकुमारला विचारलं. अरुणकुमार केरळचा, दिवसभर फोन कानाला.

“इधर कोई नहीं आता, संपतभाई. रात को लॉक, दोपहर को आप. चाहिए तो कॅमेरा देखो.”

कॅमेरा बघितला. दारातून संपतशिवाय कुणी आत आलेलं नव्हतं. आयर्लंडचं घर मात्र भिंतीच्या आडोशाला, ते कॅमेऱ्यात यायचंच नाही. “खलास?” अरुणकुमार म्हणाला. संपत म्हणाला, “खलास.”

त्या दुपारी डबा तसाच ठेवून तो त्या घरात गेला आणि दोराशी उकिडवा बसला. वर चालू राहिलेल्या एका दिव्याचा पांढरा उजेड, एसीची घरघर, बाकी शांत. त्यानं डाव्या हातानं दोर उचलला. वळण घट्ट होतं, एकसारखं, कुठं गाठ नाही की गुंता नाही. वळणाऱ्याचा हात कसलेला होता यात शंकाच नव्हती. मग त्याचं लक्ष पिळाकडं गेलं आणि त्यानं दोर खाली ठेवला.

पीळ उलटा होता. लहानपणापासून बघितलेल्या प्रत्येक दोरात वळसे जिकडं झुकतात, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला झुकलेला. डावा पीळ. असा दोर त्यानं जन्मात एकदाच हातात घेतला होता, बाप गेला त्या दिवशी.

३

“एसीत बसून बसून डोकं गार पडलंय तुझं,” नंदू म्हणाला. नंदू त्याचा खोलीतला सोबती, मदिनत खलीफा वस्तीत एका पुण्याच्या कुटुंबाची गाडी चालवायचा. “खुर्ची विणणारं भूत? आणि तेही पासपोर्टवर आलेलं? बाबा, आपल्याला व्हिसा मिळायला सहा महिने लागले.”

संपत हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. संध्याकाळी त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. विठाबाई पंच्याहत्तरीची, पण नजर घारीची. साऱ्या जन्मात नवऱ्याबरोबर तिनं कोसभर तरी दोर वळला असेल. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं बसून वाख, म्हणजे घायपाताचा धागा, पुरवायचा, दुसऱ्यानं आकडा फिरवत मागं मागं जायचं. विठाबाई पुरवायची, नवरा मागं जायचा.

“आये,” संपतनं हवापाण्याचं बोलून झाल्यावर विचारलं, “डाव्या पिळाचा दोर कशाला लागायचा गं आपल्यात?”

विठाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. “का रं? कुटं बघितलास?”

“हितं. खुर्चीला हाय एका.”

“खुर्चीला कोन लावंल? त्यो तिरडीचा पीळ. तुज्या बानं जल्मात चार-पाचदा वळला आसंल, तेबी गावात कुनी गेलं तवा. घराकडं पाठ करून, डाव्या हातानं. अकरा हात झाला की तोडायचा.”

“आन मदीच थांबवला तर?”

“मदी थांबवत न्हाईत. वळाय घेतला म्हंजी ज्येच्यासाटी घेतला त्यो ठरलेला आसतोय.” ती फोनमध्ये वाकून बघू लागली. “तू हात लावू नगंस त्येला. आन फोन डाव्या हातात का धरलायस?”

“उजव्यात चहा हाय,” संपत म्हणाला. चहा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दोर मोजला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, तिथल्या तिथं, दोराला न शिवता. आठ हात भरला. त्या दिवशी तारीख होती तेवीस. दिवसाला एक हात वाढत होता. शाळेत गणितात कधी पास न झालेल्या संपतला हे गणित मात्र चटकन जमलं. सव्वीसला अकरा हात. सत्तावीसला तपासणी.

४

चोवीस तारखेला सकाळी आयर्लंडचा कोपरा लावणाऱ्या नोरीन मॅडम आल्या. साठीच्या, उंच, केस पांढरेफटक, नेहमी घाईत. त्या सावकाश इंग्रजी बोलायच्या आणि संपत त्याच्या तुटक्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा. दोघांचं बरं जमायचं.

संपतनं धीर करून विचारलं, “मॅडम, ही खुर्ची तुम्ही विणताय का?”

“मी?” मॅडम हसल्या. “मला जमलं असतं तर किती बरं झालं असतं. ही अशीच अर्धी आली. ज्यानं कुणी करायला घेतली, त्यानं इथवर केली आणि सोडली. दोन माणसं लागतात याला. एक काड पुरवणारं, एक पीळ देत मागं मागं जाणारं. आमच्याकडं आता एक मिळायची मारामार, दोन कुठून आणू?”

संपतच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, म्हणजे थोडा भीतीनंही, पण जास्त दुसऱ्याच कशानं. परमुलुखातली ही बाई त्याच्या आईबापाचं काम त्याला सांगत होती.

“आमच्याकडं पण असंच,” तो म्हणाला. “माझी आई पुरवायची, बाप मागं जायचा.”

मॅडमची घाई एकदम गेली. “म्हणजे तुम्हाला येतं?”

संपतनं उजवा हात वर केला. आत वळलेला अंगठा, शेजारची दोन पिवळट बोटं. “येत होतं. आता हात खलास.”

मॅडमनी तो हात नीट बघितला. कीव केली नाही, सॉरी म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बैठक अर्धी असली तर खुर्चीवर कुणी बसू शकत नाही, मिस्टर संपत. एवढंच मला वाईट वाटतं.” आणि फोन आला म्हणून निघून गेल्या. दोर लांबला होता हे त्यांच्या गावीही नव्हतं.

५

पंचवीसला संपतनं ठरवलं, आज ह्याचा सोक्षमोक्ष लावायचा. बारा वाजले, बस गेली, त्यानं कडी घातली आणि तडक त्या घरात शिरला. दोर दहा हात झाला होता. जमिनीवरून सरळ घराच्या मोकळ्या बाजूकडं आलेला. आणि ठेंगणं स्टूल काल भिंतीला होतं ते आज खुर्चीच्या शेजारी होतं. साफसफाईवाल्यानं सरकवलं असेल, संपत स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. एकट्या माणसानं मोठ्यानं बोलायची वेळ आली की समजावं, त्याचं त्याला पटत नाहीये.

आईनं हात लावू नको म्हटलं होतं. पण हात न लावता तरी काय निभावत होतं? त्यानं टोक डाव्या हातात धरलं आणि उलगडायला सुरुवात केली. एक हात उलगडला, दोन हात उलगडला. काड सुटं होऊन जमिनीवर पसरलं. राहिले आठ. त्याला वाटलं, जिंकलो. उद्या नऊ होईल, परवा दहा, तोवर तपासणी पार पडेल. काय पार पडेल आणि कशी, ह्याचा विचार त्यानं केला नाही. दोर आणि हात ह्यांची गाठ त्याच्या मनात अशी बसली होती की ती सोडवायची त्याची बुद्धीच चालेना.

मग तो आपल्या जागेवर आला. त्याची खुर्ची आणि ते घर यांच्यामध्ये ती एक भिंत. डबा उघडला. डाळ, भात, चपाती. डाव्या हातानं चमचा धरून तो जेवू लागला, आणि वरचा एसी थांबला. दर अर्ध्या तासानं तो दोन-तीन मिनिटं थांबायचाच, त्यात नवीन काही नव्हतं.

त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला.

सळसळ. थांबलं. मग बारीक कुरकुर. मग जमिनीवर एक पाऊल घासल्याचा आवाज. पुन्हा सळसळ, कुरकुर, पाऊल.

संपतचा चमचा हवेतच राहिला. उंदीर नव्हे, पाईप नव्हे, त्याला नाव शोधायची गरजच पडली नाही. ह्याच आवाजात तो अंगणात दुपारचा झोपायचा. वाख पुरवला की सळसळ, पीळ बसला की कुरकुर, मग मागं एक पाऊल. आईबापाचं हे चालू असलं की घरात सगळं ठीक आहे असं त्याला तेव्हा वाटायचं. आता मात्र त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. आणि एक गोष्ट त्याला आणखी छळत होती. पुरवणं आणि पावलं, दोन्ही एकाच जागेहून येत होती. तिथं जे कुणी होतं ते एकटंच होतं. एकटंच पुरवायचं, उठायचं, पीळ द्यायचं, परत येऊन बसायचं. असा दोर वळायला किती जीव काढावा लागतो हे संपतला माहीत होतं.

एसी पुन्हा सुरू झाला. तीनला बस आली तेव्हा अरुणकुमारच्या मागं मागं तो घरात डोकावला. सुटं केलेलं सगळं काड वळलेलं होतं. दहा हात, एक बोटभरसुद्धा कमी नाही.

६

“उद्या जाऊ नको,” नंदू रात्री म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. “सिक लीव्ह टाक.”

“तपासणीच्या आदल्या दिवशी सिक लीव्ह? मग तपासायचं तरी काय राहिलं?” संपत म्हणाला. खरं होतं ते. आणि मनात दुसरंही एक होतं, पण ते नंदूला सांगण्यासारखं नव्हतं. ते एकटं पाऊल त्याच्या कानातून जात नव्हतं.

सव्वीस ऑगस्ट. बाहेर ऊन असं की काचेला हात लावला तर भाजावा. बारा वाजले. बस गेली. संपतनं कडी घातली आणि वळला, तो जागच्या जागी थिजला.

दोर खुर्चीच्या बैठकीपासून सुटा होऊन घराच्या मोकळ्या बाजूनं बाहेर आला होता, भिंतीला वळसा घालून, त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपर्यंत. मोजायची गरज नव्हती. टोकाला लाकडाचा वाकडा आकडा अडकवलेला होता, पीळ द्यायचा. त्याची मूठ खुर्चीच्या डाव्या अंगाला.

पळावं असं त्याला वाटलं. दार चार पावलांवर होतं, कडी काढली की झालं. त्यानं एक पाऊल टाकलंसुद्धा. तेवढ्यात आकडा जमिनीवर हळूच कलंडला आणि टोकाचा पीळ सुटायला लागला. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. काड्या विस्कटून वर उठल्या.

आता दोर वळणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला तुम्ही काहीही करायला सांगा, पण त्याच्या डोळ्यांदेखत पीळ सुटत असताना त्याला हात बांधून उभं राहायला सांगू नका. बाप म्हणायचा, सुटता दोर बघून जो पुढं जातो त्याच्या हातचं पाणी पिऊ नये. संपतला आईचं बोलणं आठवेपर्यंत त्याचा डावा हात आकड्याच्या मुठीवर गेलेला होता.

त्यानं उचलला, आणि दोर ताठ झाला.

दुसरं टोक कुणीतरी धरलेलं होतं.

खेच जोराची नव्हती. हिसका नव्हता. पुरवणारा माणूस तयार असला की दोराला जो एक भार येतो, तोच तो. ‘हं, चल,’ असा. संपतचा डावा हात आकडा फिरवू लागला होता. एक फेरा, दोन फेरे, मागं एक पाऊल. पलीकडून काड आलं. सळसळ. पुन्हा फेरे, पुन्हा पाऊल. दोर डुलू नये म्हणून त्यानं उजव्या हाताचा तळवा खालून लावला. तो मेलेला हात आधाराला तरी चालत होता.

मागं जाणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. त्यानं नजर दोरावरच ठेवली. मागं जाता जाता तो बाजूला सरकत गेला, आणि अशी एक जागा आली की भिंतीच्या कडेपलीकडचं घराचं तोंड त्याला दिसू लागलं. चुलीतला लाल उजेड. ठेंगण्या स्टुलाचा एक पाय. त्यावर एक मांडी, जाड गडद कापडाची. आणि मांडीवर ठेवलेला एक हात.

उजवा हात. म्हातारा, काळपटलेला, चामड्याच्या पिशवीसारखा पडलेला. अंगठा आत वळलेला. शेजारची दोन बोटं त्याच्यावर मिटलेली. काड पुरवत होता तो दुसरा हात होता, डावा.

संपतला वर बघायचं धाडस झालं नाही. पुढं कधी कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा, हात बघितला. तोंड नाही.

पण त्याला एकदम कळलं, आणि कळलं तसं त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. हा तिरडीचा पीळ नव्हताच. उजवा हात गेलेलं माणूस डाव्या हातानं वळणार, आणि डाव्या हातानं वळलं की पीळ डावाच पडणार. ह्यात मरणाचं काय होतं? उलट मरायला नकार देणाऱ्या माणसाचं काम होतं हे. आपण आठवडाभर कुणाच्या नावानं घाबरत होतो, ह्याची त्याला शरम वाटली.

दोर मागं येत राहिला. अकरा हात कधीच होऊन गेले होते. बारा झाले असतील, तेरा झाले असतील. त्याचा डावा हात अवघडला, मग सैलावला, मग त्याला लय सापडली. एसी थांबला, सुरू झाला, पुन्हा थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. एका फेऱ्याला काडाचं एक कुसळ दोरातून बाहेर आलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात घुसलं.

“स्स,” संपत म्हणाला.

आणि आकडा फिरवायचा थांबला. पुन्हा एकदा त्यानं तेच कुसळ अंगठ्यावर दाबलं. टोचलं. नीट, स्वच्छ, झोंबेल असं टोचलं. रक्ताचा एक थेंब वर आला. तीन महिन्यांत त्या बोटानं त्याला पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं. संपत तिथंच, दोर हातात धरून, ढसाढसा रडला. पलीकडचा भार तसाच राहिला. त्याचं रडणं होईपर्यंत कुणी घाई केली नाही.

७

सत्तावीसला डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. अंगठ्याला आठापैकी पाच वेळा संपतनं बरोबर सांगितलं. दोन बोटं अजून मुकीच होती. डॉक्टर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, शीर जागी होतेय, आणखी तीन महिने बघू, तोवर हलकं काम चालू ठेवा. ‘अनफिट’ हा शब्द कागदावर आला नाही. ‘फिट’ही आला नाही म्हणा, पण संपतला तेवढं पुष्कळ होतं.

संध्याकाळी त्यानं आईला फोन लावला आणि पहिल्यांदा उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. सगळं सांगितलं. फळी, पत्रा, तीन महिन्यांचं खोटं. मग दोराचंही सांगितलं.

विठाबाईनं आधी पोटभर शिव्या घातल्या. मेल्या, आईपासून हात लपवतूस व्हय, हितनं सुरू झालं ते बराच वेळ चाललं. मग पदरानं डोळे पुसले.

“किती हात झाला म्हनलास?”

“तेराच्या वर गेला आये.”

“मग तिरडीचा न्हवं त्यो. माजंच चुकलं. येवडी दोरात गेली हयात, पर डावरं मानूस ध्येनातच आलं न्हाई.” तिनं पदर कमरेला खोचला. “तू मागं गेलास आन त्येनं पुरवलं?”

“व्हय.”

“समदा येळ?”

“व्हय की.”

“आरं मग असं कसं? पुरवून पुरवून बोटं फुटत्यात. तुज्या बापाला म्या एका दोराला एकदा तरी बसवायची. आता तू बस म्हनायची, मी जाती मागं. त्येला कुनी म्हनलं का असं?”



अठ्ठावीसला नोरीन मॅडमनी दोर बघितला आणि संपतकडं बघितलं. त्यानं डावा हात वर करून दाखवला. कुणाबरोबर वळलात, असं त्यांनी विचारलं नाही. कदाचित विचारायचं नसेल. “पुरी कराल का ही खुर्ची?” एवढंच म्हणाल्या. तो म्हणाला, “करतो.”

बारा वाजले. बस गेली. संपतनं कडी घातली. आज तो आपल्या जागेकडं वळलाच नाही, सरळ त्या बुटक्या घरात गेला आणि ठेंगण्या स्टुलावर बसला. स्टूल किंचित उबदार होतं, की त्याला तसं वाटलं. आकडा त्यानं दोराच्या टोकाला अडकवून जमिनीवर ठेवला, स्वतःपासून लांब, मूठ पलीकडं करून. भीती वाटत होती. नाही कशी वाटणार? 

त्यानं मूठभर काड उजव्या हातात घेतलं. बोटांनी धरलं नाही, अंगठ्यानं धरलं. समोरच्या मोकळ्या पांढऱ्या उजेडाकडं बघत तो वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलला.

“आता मी बसलोय. तुम्ही चला मागं.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आकडा जमिनीवरून उचलला गेला, दोर ताठ झाला, आणि अंगठ्याखालचं काड सरकू लागलं.